कोडमधून देवनागरी अक्षरांकन: शिरोरेषेपासून रेडियम कटिंगपर्यंत

तान्ह्या पोळ्याच्या नंदी सजावट स्पर्धेचं पोस्टर, मारबतीच्या मिरवणुकीसाठी टी-शर्ट, तर्री पोह्यांच्या ठेल्याचा बोर्ड, झाडीपट्टीतल्या नाटकाची जाहिरात. नागपुरात आणि आसपास ठसठशीत मराठी अक्षरांना वर्षभर काम असतं. पण संगणकावर काही वेगळं करायचं म्हटलं की बहुतेक जण इंग्रजी शब्दांसाठी बनवलेले तयार इफेक्ट शोधतात आणि तेच देवनागरीवर चढवतात. गडबड तिथे होते. इंग्रजी अक्षरं खालच्या रेषेवर उभी असतात, आपली वरच्या रेषेला लटकतात. कोडमधला प्रत्येक नियम शिरोरेषेपासून मोजला, तर अक्षर कितीही नटवलं तरी वाचता येतं.

या लेखात आपण 'विदर्भ' हा शब्द घडवणार आहोत. तो हजारो ठिपक्यांचा असेल. शिरोरेषा ताठ राहील आणि तिच्याखालचा भाग मे महिन्यातल्या डांबरी रस्त्यावरच्या झळांसारखा थरथरेल. चल, लूप आणि अट या तीन गोष्टी ज्याला कळतात त्याला हे जमेल. चित्रकलेची परीक्षा दिलेली असण्याची गरज नाही, पण अक्षराकडे बारकाईने बघायची तयारी मात्र हवी.

साधन कोणतं

पी-फाइव्ह-जेएस घ्या. केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ साली चित्रकार-डिझायनरांसाठी 'प्रोसेसिंग' नावाचं साधन सुरू केलं. त्याच धर्तीवर लॉरेन मॅकार्थी यांनी २०१३ मध्ये ब्राउझरसाठी पी-फाइव्ह सुरू केलं. ते फुकट आहे, त्याचा एडिटर थेट ब्राउझरमध्ये उघडतो, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. जुना लॅपटॉप असला तरी चालतं.

फंक्शनांची नावं मी खाली देवनागरीत आणि जोडरेघ देऊन लिहितो आहे. एडिटरमध्ये ती रोमन लिपीत, सलग, आणि दुसऱ्या शब्दापासून पुढे प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल करून लिहायची. चलांची नावं मात्र तुम्ही खुशाल देवनागरीत ठेवू शकता. पी-फाइव्हचा कोड ज्या भाषेत लिहितात त्या जावास्क्रिप्टला 'अंतर', 'शिरोरेषा', 'ठिपके' ही नावं चालतात, फक्त मध्ये मोकळी जागा सोडायची नाही. आकडे मात्र इंग्रजीच टाकावे लागतात, देवनागरी ५ लिहिला तर कोड अडतो. विद्यार्थ्यांना शिकवताना मराठी नावं फार उपयोगी पडतात, कारण 'शिरोरेषा' असं नाव दिसलं की पुढचं गणित कशाचं चाललंय ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आधी शब्दाची तपासणी

'विदर्भ' हा शब्द मी मुद्दाम निवडला आहे. त्यात देवनागरीच्या दोन अवघड गोष्टी एकत्र येतात. पहिली वेलांटी टाइप होते 'व'नंतर, पण दिसते 'व'च्या आधी. आणि 'र्भ'मधला र टाइप होतो 'भ'च्या आधी, पण रफार होऊन बसतो 'भ'च्या डोक्यावर. ही फिरवाफिरव फॉन्ट एकटा करत नाही. ती करणारं वेगळं यंत्र असतं. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये हे काम हार्फबझ नावाचं इंजिन करतं आणि चोख करतं.

इथेच देवनागरीचं काम करणारे सगळ्यात जास्त अडकतात. इंटरनेटवरच्या बहुतेक उदाहरणांत लोड-फॉन्ट वापरून फॉन्टची फाइल आत घेतात आणि टेक्स्ट-टू-पॉइंट्स वापरून अक्षराच्या कडेवरचे बिंदू काढतात. इंग्रजीसाठी ही पद्धत झकास आहे. पण पी-फाइव्हच्या पहिल्या मालिकेत हे काम ब्राउझरकडे न जाता ओपनटाइप-जेएस या लायब्ररीकडे जातं आणि ती देवनागरीच्या जोडणीचे नियम पुरते पाळत नाही. वेलांटी 'व'च्या उजवीकडे जाते, रफाराऐवजी पाय मोडलेला र दिसतो. नव्या मालिकेत आतली लायब्ररी बदलली आहे, तरी कुठल्याही आवृत्तीत आधी 'विदर्भ', 'वऱ्हाडी', 'दीक्षाभूमी', 'तर्री' हे चार शब्द लिहून बघा. चारही नीट उमटले तरच पुढे जा.

'वऱ्हाडी'बद्दल दोन ओळी. यातला अर्धा र रफार नाही. तो 'ह'च्या डाव्या बाजूला आडव्या पापणीसारखा बसतो. साधा र, हलन्त आणि ह असं टाइप केलं तर 'वर्हाडी' उमटतं, आणि ते चूक आहे. त्यासाठी नुक्तावाला र वापरावा लागतो. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डवर तो असतो. फोनवर टाइप करून मजकूर स्वतःला पाठवणं हा त्याहून सोपा मार्ग.

दुसरी एक काळजी घ्या. छपाईवाल्याकडून किंवा जुन्या फाइलमधून मजकूर उचलत असाल, तर तो युनिकोडमध्ये आहे का ते बघा. क्रुतीदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टांतला मजकूर एडिटरमध्ये चिकटवला की अगम्य चिन्हं येतात. असा मजकूर बदलत बसण्यापेक्षा पुन्हा टाइप करावा. पोस्टरवर शब्द असतात किती!

फॉन्ट

ठिपक्यांनी भरायचं असेल तर जाड फॉन्ट हवा. मुक्ता आणि बलू हे 'एक टाइप' या संस्थेचे फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर मुक्त परवान्याखाली आहेत. व्यावसायिक पोस्टरवरही ते वापरता येतात. सुरुवातीला मुक्ताचं ठळक वजन (म्हणजे जाडी) घ्या. त्याची शिरोरेषा स्वच्छ आहे आणि अक्षरांच्या पोटात पुरेशी मोकळी जागा आहे. मोदक हा फॉन्ट अतिशय लठ्ठ आहे, पोटातल्या पोकळ्या त्यात जवळजवळ मिटलेल्या असतात. तो दिसतो सुंदर, पण त्यावर ठिपके-झळांचा खेळ केला की वाचणारा हरवतो. रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांची आठवण हवी असेल तर यात्रा वन बघा. त्याचं वळण तिथूनच घेतलेलं आहे.

मराठी माणसाचा डोळा ज्यावर अडतो ती आणखी एक गोष्ट म्हणजे 'ल' आणि 'श'चं वळण. अनेक फॉन्टांत ही दोन अक्षरं हिंदी वळणाची असतात. शब्दात ल किंवा श असेल तर मराठी वळण असलेलाच फॉन्ट निवडा. टिरो देवनागरी मराठी त्यासाठीच बनवला आहे. नागपुरात दोन्ही भाषांच्या पाट्या शेजारी शेजारी लागतात, म्हणून इथे हा फरक कुणाच्या लक्षात येत नाही असं अनेकांना वाटतं. माझं मत उलट आहे. शेजारी दुसरं वळण असलं की आपलं वळण जास्तच उठून दिसतं.

फॉन्ट जोडण्याची पद्धत अशी. गुगल फॉन्ट्सवर मुक्ताचं ७०० वजन निवडा, मिळालेली लिंक एडिटरमधल्या एचटीएमएल फाइलच्या हेडमध्ये चिकटवा आणि कोडमध्ये टेक्स्ट-फॉन्टला फक्त 'मुक्ता' हे नाव अवतरणचिन्हांत, रोमन लिपीत द्या. सोबत टेक्स्ट-स्टाइल बोल्ड करा. नाव दिलं की अक्षरं काढायचं काम ब्राउझरकडे जातं, म्हणजेच जोडाक्षरं बरोबर येतात.

अडचण एवढीच की फॉन्ट उतरायला क्षणभर लागतो आणि तोवर कोड धावून मोकळा होतो. मग शब्द भलत्याच फॉन्टमध्ये उमटतो. त्यासाठी सेटअपमध्ये, म्हणजे सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या फंक्शनमध्ये, डॉक्युमेंट-डॉट-फॉन्ट्स-डॉट-लोड वापरून फॉन्ट मागवायचा आणि त्यापुढे 'देन' लावून, फॉन्ट हाती आल्यावरच ठिपके काढणारं फंक्शन चालवायचं. या लोडला दुसऱ्या जागी 'विदर्भ' हा शब्दच द्या. गुगल फॉन्ट्स एकाच फॉन्टचे लिपीनुसार तुकडे करून पाठवतं. मजकूर दिला नाही तर ब्राउझर फक्त मोकळ्या जागेपुरता, म्हणजे रोमन लिपीचा तुकडा आणतो आणि फॉन्ट आला असं सांगतो. देवनागरीचा तुकडा तिकडेच राहतो. ही गोष्ट माहीत नसेल तर तासन्‌तास कोड वाचूनही चूक सापडत नाही.

लपलेला कागद

आता खरं काम. शब्द थेट पडद्यावर लिहायचा नाही. क्रिएट-ग्राफिक्सने १२०० बाय ६०० पिक्सेलचा एक वेगळा, न दिसणारा कॅनव्हास बनवा. त्यावर ४०० आकारात, मध्यभागी, काळ्या रंगात 'विदर्भ' लिहा. तळरेषा वरून ४३० पिक्सेलवर ठेवली तर रफाराला वर पुरेशी जागा राहते. हा कॅनव्हास मुळात पारदर्शक असतो, म्हणजे जिथे शाई तिथेच अपारदर्शकता. पुढचं सगळं मोजमाप यावरच चालतं.

मुख्य आणि लपलेल्या अशा दोन्ही कॅनव्हासवर पिक्सेल-डेन्सिटी १ करून घ्या. फोन आणि नव्या लॅपटॉपांचे पडदे एका पिक्सेलच्या जागी आडवे आणि उभे दोन-तीन पिक्सेल भरतात. हे एक वाक्य राहिलं की तुमच्या लॅपटॉपवर नीट दिसणारा शब्द मित्राच्या फोनवर अर्धाच भरतो किंवा एका कोपऱ्यात जाऊन बसतो.

मग लपलेल्या कॅनव्हासवर लोड-पिक्सेल्स चालवा. हाती येते आकड्यांची एक लांबलचक यादी. प्रत्येक पिक्सेलचे चार आकडे असतात: लाल, हिरवा, निळा आणि अपारदर्शकता, प्रत्येक ० ते २५५. आपल्याला फक्त चौथा हवा. वरून खाली कितवी ओळ हे 'य' आणि डावीकडून कितवा पिक्सेल हे 'क्ष' धरलं, तर 'य' गुणिले रुंदी अधिक 'क्ष', या सगळ्याला ४ ने गुणायचं आणि ३ मिळवायचे. त्या जागचा आकडा १२८ पेक्षा मोठा असेल तर तिथे शाई आहे. एवढ्या एका प्रश्नासाठी 'शाई' नावाचं छोटं फंक्शन लिहून ठेवा, पुढे ते सारखं लागतं.

शिरोरेषा कोडला सापडवून देणं

कॅनव्हासला तळरेषा कळते, शिरोरेषा कळत नाही. पण ती शोधणं सोपं आहे. प्रत्येक आडव्या ओळीत शाईचे किती पिक्सेल आहेत ते मोजा. ज्या ओळीत सगळ्यात जास्त, ती शिरोरेषा. छापील देवनागरी वाचणाऱ्या संगणक प्रणालींमध्ये ही युक्ती पूर्वीपासून वापरतात.

एक ओळ सापडली की तिची जाडी काढा. त्या ओळीपासून वर आणि खाली सरकत जा. शाई कमाल मोजणीच्या ८० टक्क्यांखाली घसरली की थांबा. आता तुमच्याकडे दोन आकडे आहेत, शिरोरेषेचा माथा आणि तिचा तळ. शब्दाचे आपोआप तीन पट्टे पडतात: वरचा म्हणजे वेलांटीची कमान, मात्रा, रफार आणि अनुस्वार, मधला म्हणजे शिरोरेषा, खालचा म्हणजे अक्षराचं अंग आणि उकार.

मोदकसारख्या लठ्ठ फॉन्टमध्ये ही मोजणी फसू शकते, कारण अक्षराच्या पोटातच शिरोरेषेपेक्षा जास्त शाई भरते. तेव्हा शोध फक्त शब्दाच्या वरच्या अर्ध्या भागात घ्या. तरीही जमेना तर डोळ्याने बघून आकडा हाताने टाका, त्यात काही कमीपणा नाही. हेच एखाद-दुसऱ्या अक्षराच्या शब्दालाही लागू.

ठिपके किती दाट

आता लपलेल्या कॅनव्हासवरून ठरावीक अंतराने फिरायचं. प्रत्येक थांब्यावर शाई असेल तर तो बिंदू 'ठिपके' नावाच्या यादीत टाकायचा. अंतर ६ ठेवलं तर या आकाराच्या शब्दाचे ठिपके दोन-तीन हजारांच्या घरात जातात आणि साधा लॅपटॉपही ते सहज हलवतो.

हे अंतर किती असावं ते सौंदर्यावर सोडू नका. 'भ'च्या डोक्याकडे बघा. 'भ'वर शिरोरेषा सलग नसते. डावीकडची गाठ आणि उजवीकडची रेघ यांच्यामध्ये फट असते, आणि त्या फटीमुळेच तो 'म'पासून वेगळा ओळखू येतो. ठिपके फटीच्या मानाने मोठे झाले की फट बुजते आणि तुमचा 'विदर्भ' लांबून 'विदर्म' दिसू लागतो. 'ध' आणि 'घ'चंही तेच. 'धरमपेठ' लिहायला गेलात आणि फट बुजली तर 'घरमपेठ' होतं. म्हणून फॉन्टमधली ही फट किती पिक्सेलची आहे ते मोजा आणि थांब्यांचं अंतर तिच्या निम्म्याहून कमी ठेवा. ठिपक्याचा व्यास अंतराएवढाच किंवा त्याहून किंचित कमी हवा.

नुसत्या चौकटीवर ठिपके मांडले की चित्र यांत्रिक दिसतं. प्रत्येक थांब्याला दोन्ही दिशांनी अंतराच्या एक तृतीयांशपर्यंत रँडम सरकवा आणि सरकवल्यावर पुन्हा 'शाई' फंक्शनला विचारा. उत्तर नाही आलं तर तो ठिपका टाकून द्या. कडा स्वच्छ राहतात आणि अंग जिवंत होतं.

झळा

इथे पर्लिन नॉइज कामाला येतो. केन पर्लिन यांनी १९८०च्या दशकात चित्रपटातल्या संगणकीय पृष्ठभागांना नैसर्गिक पोत देण्यासाठी तो शोधला. रँडमचे आकडे एकमेकांशी संबंध नसलेले असतात. नॉइजमध्ये शेजारच्या दोन जागांचे आकडेही एकमेकांच्या जवळचे असतात, म्हणून हालचाल गुळगुळीत येते. पी-फाइव्हचं नॉइज फंक्शन ० ते १ मधला आकडा देतं.

ठिपक्याच्या दोन्ही अक्षांना ०.०१ ने गुणून नॉइजला द्या, तिसऱ्या जागी फ्रेम-काउंट (आतापर्यंत किती फ्रेम उमटल्या तो आकडा) गुणिले ०.०१ द्या. मिळालेल्या आकड्यातून ०.५ वजा केलं की डावी-उजवी अशी दोन्हीकडची हालचाल मिळते. ०.०१ वाढवून ०.१ केलं की झळा जाऊन नुसती थरथर उरते. हा आकडा स्वतः हलवून बघा, सगळ्यात जास्त शिकायला इथे मिळतं.

आता मुख्य नियम. हालचालीचं बळ, म्हणजे नॉइजमधून मिळालेल्या आकड्याला ज्याने गुणायचं ते, शिरोरेषेपासूनच्या अंतरावर ठरतं. शिरोरेषेच्या पट्ट्यातले ठिपके अजिबात हलणार नाहीत, बळ शून्य. तिच्या तळापासून जसजसं खाली जाल तसतसं बळ वाढत जाईल आणि अक्षराच्या पायथ्याशी ते कमाल, समजा ४० पिक्सेल होईल. नॉइजचे आकडे बहुतेक वेळा ०.५ च्या आसपासच घोटाळतात, त्यामुळे प्रत्यक्ष सरकणं त्याच्या बरंच आत राहतं. आडवी हालचाल पूर्ण द्या, उभी तिच्या चौथाईवर ठेवा. उन्हाच्या झळांत वस्तू आडवी थरथरताना दिसते.

शिरोरेषेच्या वरच्या भागाला हाच नियम उलटा लावू नका. तिथे बळ सरसकट ४-५ पिक्सेल, त्याहून जास्त नाही. रफार हा एवढासा हुक, तो जरा सरकला की 'भ'वरून 'द'वर जातो, आणि वेलांटीची कमान काडीपासून सुटली की दीर्घ-ऱ्हस्वाचा घोळ होतो. वरच्या चिन्हांवर शब्दाचा अर्थ तोललेला असतो. तिथे हात आवरता घ्यायचा.

अनुस्वाराला तर स्वतंत्र वागणूक हवी. तान्ह्या पोळ्यासाठी 'नंदी' लिहिलंत आणि ठिपक्यांच्या गर्दीत अनुस्वार विरला, तर पोस्टरवर 'नदी' वाचली जाते. ज्या शब्दात अनुस्वार आहे तिथे शिरोरेषेच्या वरच्या पट्ट्यात थांब्यांचं अंतर निम्मं करा आणि बळ शून्य ठेवा. माझ्या मते तर अनुस्वार ठिपक्यांचा करूच नये, एकच भरीव वर्तुळ काढावं. सगळ्या हलत्या ठिपक्यांत तो एक स्थिर ठिपका उलट शोभून दिसतो.

रंग

कलर-मोड एचएसबी (रंगछटा, गडदपणा, उजळपणा) करून घ्या, ३६०, १००, १०० अशा मापात. रंगछटा मग अंशांत मोजता येते. संत्र्याचा नारिंगी २५ ते ३५ अंशांत येतो, कच्च्या सालीचा हिरवट पिवळा ६५ ते ८० मध्ये. शिरोरेषेजवळ हिरवट आणि खाली उतरत नारिंगी असा उतार दिला की झाडावर पिकत आलेल्या फळाची साल डोळ्यांसमोर येते. छटा ठरवायलाही तेच शिरोरेषेपासूनचं अंतर वापरायचं, नवं गणित नको.

पार्श्वभूमी गडद ठेवा. पांढऱ्यावर नारिंगी बारीक ठिपके जवळून छान आणि लांबून फिके दिसतात. पाच-सहा रंग घालायचा मोह होईल. दोन पुरेत.

बीज जपून ठेवा

सेटअपच्या सुरुवातीला रँडम-सीड आणि नॉइज-सीड यांना एक आकडा द्या. तोच आकडा दिला की त्याच फ्रेमला तेच चित्र पुन्हा येतं. हे केलं नाही तर मंडळाने पसंत केलेला नमुना दुसऱ्या दिवशी मोठ्या आकारात काढायला बसाल आणि तो परत कधीच मिळणार नाही. फाइल साठवताना नावातच बीजाचा आकडा आणि फ्रेम-काउंट टाका. वेगवेगळी बीजं लावून बरेच नमुने काढा आणि मग निवडा. कोडमधून अक्षरं करण्याचा मोठा फायदा हाच आहे की एका नियमातून पन्नास भावंडं मिळतात.

निवडताना चित्र बोटभर रुंदीचं करून कुणाला तरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि काय वाचलं ते विचारा. शब्द आधी सांगायचा नाही. समोरचा अडखळला तर बळ कमी करा.

दुसरा मार्ग: कोडमधला बोरू

ज्यांना स्वतःचं वळण हवंय त्यांनी फॉन्ट बाजूला ठेवून बोरू बनवावा. बोरूची गंमत त्याच्या कापात आहे. टोक रुंद आणि तिरपं असतं, त्यामुळे हात एका दिशेला गेला की जाड रेघ उमटते, दुसऱ्या दिशेला बारीक. देवनागरीच्या बोरूचा काप इंग्रजी सुलेखनाच्या निबच्या उलट दिशेचा असतो. म्हणून इंग्रजी कॅलिग्राफीसाठी बनवलेले तयार ब्रश आपल्या अक्षरांना भलत्याच जागी जाड करतात आणि 'व'चं पोट विचित्र दिसतं.

कोडमध्ये हे दोन ओळींचं काम आहे. माउस ओढला जात असताना प्रत्येक जागी एक तिरपी छोटी रेघ काढायची, वर-डावीकडून खाली-उजवीकडे उतरणारी. पी-फाइव्हमध्ये खालची दिशा अधिक असते, म्हणून माउसच्या दोन्ही अक्षांतून २० वजा करून पहिलं टोक आणि दोन्हींत २० मिळवून दुसरं टोक मिळतं. हात वेगात फिरला की रेघांमध्ये खाच पडते. मागची माउसची जागा आणि आताची जागा यांच्यामध्ये लर्प (दोन आकड्यांमधला आकडा काढणारं फंक्शन) वापरून वीस-पंचवीस रेघा भरल्या की शाई सलग वाहते. फोनवर बोटानेही चालतं, पण स्वस्तातला पेन टॅबलेट मिळाला तर अक्षराला ठहराव येतो.

असं लिहिलेलं अक्षर लपलेल्या कॅनव्हासवर काढा आणि वरची सगळी पद्धत त्याला लावा. शिरोरेषा शेवटी ओढायची सवय असेल तर ती तशीच ठेवा, कोडला फरक पडत नाही. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी घडवलेली अक्षरं बघितली तर लक्षात येतं की शब्दाचा अर्थ अक्षराच्या अंगातून कसा दाखवता येतो. या बोरूने त्या दिशेने सराव करता येईल.

छपाईला देताना

पडद्यावरचं चित्र थेट छापायला देऊ नका. फ्लेक्स लांबून बघायचा असतो, त्याला इंचाला १०० पिक्सेल धरले तरी भागतं: ३ बाय २ फुटांसाठी ३६०० बाय २४०० पिक्सेल. हातात धरायच्या १८ बाय १२ इंचांच्या पोस्टरला इंचाला ३०० धरा, म्हणजे ५४०० बाय ३६००. कॅनव्हास, अक्षराचा आकार, थांब्यांचं अंतर, बळ, सगळं एकाच पटीत वाढवायचं आणि नॉइजचा ०.०१ त्याच पटीत कमी करायचा. हा शेवटचा भाग राहिला की मोठ्या चित्रातल्या झळा बारीक आणि चिवट दिसतात. सगळे आकडे एका 'पट' नावाच्या चलाला जोडून ठेवले तर एकच आकडा बदलावा लागतो. एक लक्षात ठेवा, पट बदलली की गोल आकड्यांच्या फरकाने एखाद-दुसरा ठिपका इकडेतिकडे होतो. शब्दाच्या रूपाला त्याने धक्का लागत नाही.

पडद्यावरचा झगझगीत नारिंगी छपाईच्या चार शायांत तसा येत नाही, मळतो. हातभर नमुना आधी छापून घ्या आणि तो दिवसाच्या उजेडात बघा. टी-शर्टसाठी स्क्रीन प्रिंटिंग असेल तर ठिपके मोठे आणि मोजके हवेत, कारण फार बारीक ठिपके जाळीतच अडकतात. तिथे झळांपेक्षा भरीव अक्षर आणि पायथ्याशी थोडेच ठिपके सुटलेले, असा नमुना टिकाऊ पडतो.

गाडीच्या काचेवर किंवा दुकानाच्या दारावर रेडियम कटिंग करायचं असेल तर ठिपक्यांचा नाद सोडा. हजार तुकडे हाताने सोलत बसायला कारागीर तयार होणार नाही आणि झालाच तर ते पहिल्या धुण्यात निघतील. त्या कामाला पिक्सेल नव्हे, कडा लागतात. इंकस्केप हे रेषा-कडांवर काम करणारं फुकट सॉफ्टवेअर उघडा, युनिकोडमध्ये शब्द टाइप करा, पाथ मेन्यूतून ऑब्जेक्ट-टू-पाथ करा. जोडाक्षरं इथेही बरोबर उतरतात. कडेवरचे बिंदू कोडने हलवायचे असतील तर फाइल एसव्हीजी म्हणून साठवा आणि ब्राउझरच्या गेट-पॉइंट-अ‍ॅट-लेंग्थने कडेवर ठरावीक अंतराने बिंदू घ्या. बळाचा नियम तोच, शिरोरेषा स्थिर.

कटिंगला देण्याआधी एक काम विसरू नका. देवनागरी फॉन्टांत प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर किंचित चढलेली असते, म्हणजे जोड दिसू नये. पडद्यावर हे कळत नाही, पण मशीन प्रत्येक कड इमानदारीने कापतं आणि सलग शिरोरेषेचे अक्षरागणिक तुकडे पडतात. म्हणून सगळे पाथ निवडून ग्रुप सोडवा, मग युनियन करा. त्यानंतर इंकस्केपमध्ये फक्त बाह्यरेषा दिसतील असं दृश्य लावून शिरोरेषेवरून नजर फिरवा. मध्ये कुठे उभी रेघ दिसली तर जोड अजून उघडा आहे. 'भ'वरची फट मात्र तशीच मोकळी दिसायला हवी.